गळ्यावरचा सेन्सर आणि गुरूचा कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

गायकांच्या गळ्यावर लावायच्या सेन्सरबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रोखठोक आणि मनापासून प्रतिक्रिया दिलीत. मिरजेसारख्या गावात आयुष्यभर गाणं शिकवत आलेल्या व्यक्तीचे आक्षेप 'धन्यवाद' म्हणून मिटवण्यासारखे नसतात. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्यात आम्ही काही जण एक छोटं उपकरण तयार करतोय. कंठाच्या खालच्या खळगीजवळ त्वचेवर चिकटवायचा एक कंपन-सेन्सर, स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना टेकणारे दोन इलेक्ट्रोड असलेला गळपट्टा आणि या सगळ्याची नोंद ठेवणारं फोनवरचं ॲप. नवशिक्यांसाठी हे नाही. ज्यांची तालीम झाली आहे, ज्यांचा गळा फिरतो, त्यांना आपण आवाज नेमका कसा लावतो हे कळावं, एवढाच हेतू.

तुमचे आक्षेप मी समजले ते असे. यंत्राला गंधार कळत नाही. दरबारी रागाचा कोमल गंधार ('ग' हा स्वर) त्याला बेसूरच वाटणार. आलेखाकडे बघून गाणारी मुलं कान गमावून बसतील. गुरूचा कान असताना यंत्राची गरज काय? आणि सगळ्यात टोकदार आक्षेप : 'तयार गायकाला स्वतःचा गळा कळत नसेल, तर त्याची तयारी कसली?'

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आमचं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे.

तयार गायकाला आवाज कळतो. गळा कळेलच असं नाही. पेटीतली चौथी काळी पट्टी 'सा' धरली की ती 'काळी चार'. तिचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपनं. तो मिनिटभर धरला की स्वरतंतू जवळजवळ साडेबारा हजार वेळा एकमेकांना भिडतात. तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हा आकडा दुप्पट. यातली एकही धडक गाणाऱ्याला जाणवत नाही. मानेचे स्नायू ताणले गेले तर कळतं, छातीत किंवा कपाळात गुंजन जाणवतं. पण स्वरतंतू हलके मिटताहेत की दाबून, याची थेट जाणीव शरीर देत नाही. शिवाय स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे जे ऐकू येतं तेही समोरच्यापेक्षा वेगळंच असतं.

आता तालमीकडे या. नवशिक्याने गळा दाबला की तुम्हाला दुसऱ्या खोलीतून कळेल. पण ज्याची तयारी आहे, तो तोंडाचा आकार बदलतो, जबडा सैल सोडतो, श्वासाचा दाब सांभाळतो आणि दाबलेल्या गळ्यातूनही गोल, भरीव तार षड्ज काढून दाखवतो. स्वर उत्तम लागतो. ऐकणाऱ्याची दाद येते. तो स्वर काढायला गळ्याने काय किंमत मोजली, ते मात्र कानावर येतच नाही. ते कानावर येऊ लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो : वरच्या स्वरांत हळू गाता येईनासं होतं, सकाळी गळा मोकळा व्हायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मधेच तुटते. म्हणूनच मी म्हणते की या उपकरणाची गरज नवशिक्यापेक्षा तयार गायकाला जास्त आहे. त्याची तयारीच त्याचे श्रम झाकते.

उपकरण काय बघतं ते एका उदाहरणातून सांगते. आमच्याबरोबर काम करणारी एक गायिका आहे, तिच्या परवानगीने लिहितेय. यमनचा अंतरा गाताना तिचे गुरुजी समोर बसले होते. ऐकायला काहीच खटकत नव्हतं, गुरुजींनाही नाही. इलेक्ट्रोडमधून अगदी क्षीण, गाणाऱ्याला जाणवणारही नाही असा उच्च वारंवारितेचा प्रवाह गळ्यातून जातो. स्वरतंतू भिडले की तो सहज वाहतो, विलग झाले की अडतो. त्यावरून प्रत्येक कंपनात तंतू किती काळ मिटलेले राहतात ते काढता येतं. तिच्या नोंदीत हा मिटलेला काळ मध्य सप्तकाच्या पंचमापासून वाढायला लागला आणि तार षड्जापर्यंत वाढतच गेला. भरीला, प्रत्येक आकार ('आ' म्हणत घेतलेला स्वर) सुरू होताना तंतू आधी घट्ट मिटून मग झटक्याने सुटत होते.

गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं, तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं आणि तिला म्हणाले, 'हेच पांढरी चारमध्ये म्हण बघू,' म्हणजे खालच्या पट्टीत. तार षड्ज ४१५ कंपनांवरून ३४९ वर आला आणि ती वाढ आता पंचमाऐवजी निषादापाशी सुरू झाली. मग त्यांनी विचारलं, काळी चारच का धरलीस? तिचं उत्तर तुमच्या ओळखीचं असेल : वर्गात सगळ्या मुली काळी चारमध्येच गायच्या. पट्टी कुणी ठरवली नव्हती, ती चालत आली होती. आकारासाठी त्यांनी तिला आधी मिटल्या ओठांनी गुंजन आणि त्यातूनच तोंड उघडत जायला सांगितलं. यातलं एकही वाक्य ॲपने सुचवलं नाही, आणि आम्ही ते सुचवायला लावणारही नाही. आवाज मोठा केला की मिटलेला काळ तसाही वाढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चांगलं-वाईट ठरत नाही. तीच जागा, तेवढाच आवाज, दोन वेगळ्या दिवशी किंवा दोन वेगळ्या पट्ट्यांत, अशी तुलना करावी लागते. आणि त्या तुलनेचा अर्थ लावायला गुरूच लागतो.

आता गंधार.

इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि तुमच्या भागाचाच इतिहास तुमच्या बाजूने आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांच्याबरोबर इंग्रज सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, मोजायचा घाट घातला, तेव्हा मदतीला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. इतका मोठा गवई मोजमापाला बसला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण त्या मोजणीतून एक पेटी (हार्मोनियम) घडवली गेली, आणि ती १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली तेव्हा वाद झाले. वाद होणारच होते, कारण पेटी म्हटली की स्वराची जागा एकदाच ठरते. पुढे १९६३ साली नझीर जैराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन या अभ्यासकांनी कलाकारांचे गंधार मोजले. ते कलाकारागणिक तर वेगळे निघालेच, एकाच कलाकाराच्या एकाच मैफलीतही सरकत होते. तुम्ही वर्गात जे कानाने सांगता, तेच मोजमापानेही सांगितलं. मुंबईत एनसीपीए या कला-केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मेर यांनी रागांचे आलेख केले, त्यांत स्वरांच्या रेषा किती वळतात ते बघण्यासारखं आहे. मोजणं आणि प्रमाण ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आमचं नाही. त्यामुळे आमच्या ॲपमध्ये सुरेल-बेसूर असं काहीच नाही. हिरवा दिवा नाही, गुण नाहीत, टक्के नाहीत.

फोनवरचा ट्यूनर, म्हणजे स्वर मोजून दाखवणारं ॲप, भरवशाचा नाही असं तुम्ही लिहिलंय. ते मला शब्दशः पटतं, आणि त्यात थोडी भर घालते. ट्यूनर तानपुऱ्याबरोबर गोंधळतो, खर्जातला (खालच्या सप्तकातला) स्वर सप्तकभर वरचा समजतो. बऱ्याच फोनमध्ये बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून पार्श्वभूमीचा आवाज दाबण्याची सोय असते. ती सोय न बदलणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, म्हणजे मुलगी जितका स्थिर षड्ज लावेल तितका फोन तो पुसत जातो! आणि रेषा सुबक दिसावी म्हणून अशी ॲप्स ती गुळगुळीत करतात, त्यात मुरकी, म्हणजे स्वरांची छोटी झपाट्याची वळणं, सपाट होऊन जाते. जलद तानेत सेकंदाला आठ स्वर आले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२५ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात थोडं जरी गुळगुळीत केलं तरी तान दिसण्याऐवजी तानेची सावली दिसते. आम्ही मूळ नोंद आहे तशी ठेवतो, ओबडधोबड दिसली तरी चालेल. आणि गळ्यावर चिकटवलेल्या सेन्सरला तानपुरा किंवा तबला जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याला फक्त गाणाऱ्याची त्वचा कळते. माइकऐवजी तो निवडण्याचं हे मोठं कारण आहे.

मुलं पडद्याकडे बघत गातील, या भीतीबद्दल. गाताना पडदा बंद असतो. हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं, आणि याला नुसता संस्कार नाही, पुरावाही आहे. कोणतंही शारीरिक कौशल्य शिकताना प्रत्येक वेळी लगेच निकाल दाखवला तर माणूस त्या निकालाच्या आधारावर उभा राहतो आणि आधार काढला की घसरतो, हे साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्येच मांडलं आहे. म्हणून रियाज संपल्यावर, आधी गायकाने 'कुठे जड गेलं' ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मग नोंद उघडायची. बऱ्याचदा दोन्ही जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथेच शिकण्यासारखं काहीतरी सापडतं.

आणि गुरूचा कान. ताई, गाताना हलणारे स्वरतंतू डोळ्यांनी बघण्याची धडपड एका गाण्याच्या गुरूनेच केली, हे मला फार मोलाचं वाटतं. मानुएल गार्सिया लंडनमध्ये गाणं शिकवायचे. १८५४ मध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरचा आरसा घशात धरून, उन्हाच्या कवडशात स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडलं. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या हातात ते तंत्र नंतर आलं. गार्सियांचा कान काही कच्चा नव्हता. तरीही कानाने जे कळत नाही ते बघावं असं त्यांना वाटलं, आणि त्यानंतर त्यांनी शिकवणं सोडलं नाही. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधर आणि डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा विचार इतक्या गांभीर्याने केला, तोही गाणं शिकवता शिकवताच. मी त्यांच्याच रांगेत शेवटी उभं राहायला बघतेय, गुरूंच्या रांगेसमोर नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण तुम्हाला सांगावीशी वाटते. कंपन-सेन्सर दिवसभर लावून ठेवता येतो, त्याला झेपतं. आमच्याकडच्या काही गायन-शिक्षिकांनी तो असा लावला. रियाज ज्याला म्हणतात तो दिवसाच्या एकूण भाराचा लहानसा भाग निघाला. खरा भार होता वर्गातल्या बोलण्याचा : तबल्याच्या आवाजावर मात करत ओरडून सांगणं, प्रत्येक मुलीच्या पट्टीत जागा गाऊन दाखवणं, मधेच फोन, संध्याकाळी पालकांशी बोलणं. स्वतःच्या गळ्याची पट्टी एक आणि दिवसभर गायच्या चार, हे किती जणींच्या लक्षात येतं? शिक्षिकेचा गळा बसला की 'रियाज जास्त झाला' असं सहज म्हटलं जातं, आणि मग ती रियाज बंद करते, बोलणं चालूच ठेवते. नेमकं उलट व्हायला हवं. या एका गोष्टीसाठीसुद्धा हे काम करत राहावं असं मला वाटतं.

नोंदींबद्दल कुणी विचारण्याआधी सांगते : सगळं गायकाच्या फोनवरच राहतं. गळ्यावरच्या सेन्सरच्या नोंदीतून शब्द सहसा स्पष्ट उमगत नाहीत, आणि नोंद फोनबाहेर जात नसल्याने घराण्यातली बंदिश बाहेर जायचा प्रश्न येत नाही. आणि हे वैद्यकीय उपकरण नाही. घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर तज्ज्ञांकडे जाऊन स्वरयंत्र प्रत्यक्ष बघून घ्यावं, आमच्या आलेखावर विसंबू नये.

आता एक विनंती. खर्जात आमचे इलेक्ट्रोड कमी पडतात. स्वरयंत्र खाली सरकलं की पट्टा जागा सोडतो आणि नोंद पुसट होते. खर्जाचा रियाज नेमाने करणारे विद्यार्थी तुमच्याकडे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची हरकत नसेल तर मी पट्टा घेऊन मिरजेला येते. तुम्ही शिकवत असाल तसंच शिकवा, मी मागे बसेन. नोंदी आधी तुम्ही बघा, काय दिसतं ते तुम्ही सांगा, आणि त्या ठेवायच्या की पुसायच्या तेही तुम्हीच ठरवा. कंपन-सेन्सर एक दिवस तुमच्याही गळ्यावर लावता आला तर फार आनंद होईल. शनिवार-रविवारी वर्ग जास्त असतात असं वाटतं, म्हणून मधला कुठलाही वार कळवा.