मास्टर चीफला हिरो म्हणण्याआधी जॉनबद्दल बोलूया

'हेलो' या व्हिडिओ गेम मालिकेतला मास्टर चीफ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिरवं चिलखत, हेल्मेटची सोनेरी काच आणि चार शब्दांत काम उरकणारा खर्जातला आवाज. एलियन्सना लोळवणारा, जग वाचवणारा, कधी न डगमगणारा गडी. माझं म्हणणं एवढंच आहे की हा माणूस आधी पळवून नेलेलं एक पोर आहे आणि मग सैनिक. या मालिकेनं इतक्या वर्षांत ही एक गोष्ट जितक्या शिताफीनं टाळलीय, तितकी दुसरी कुठलीच टाळलेली नाही. पोस्ट लांब आहे. स्पॉयलर तर सगळेच आहेत.

मास्टर चीफचं खरं नाव जॉन. त्याचा जन्म २५११ सालचा, एरिडॅनस-२ ग्रहावरच्या एलिसियम सिटीतला. आडनाव आपल्याला आजवर कळलेलं नाही. २५१७ मध्ये लष्करासाठी काम करणारी शास्त्रज्ञ डॉ. कॅथरिन हॅल्सी आणि लेफ्टनंट जेकब कीज त्याला बघायला येतात, तेव्हा तो सहा वर्षांचा आहे आणि शाळेच्या मैदानावर इतर पोरांना ढकलून टेकडीच्या माथ्यावर टिकून राहायचा खेळ खेळतोय. जिंकतोयसुद्धा. हॅल्सी त्याच्यासमोर एक जुनं नाणं उडवते आणि ते पडायच्या आत कुठली बाजू ते सांग म्हणते. तो 'गरुड' म्हणतो, गरुडच निघतो. नाणं बक्षीस म्हणून त्याला मिळतं. पोरगं खूश. आपण कसली परीक्षा पास झालो हे त्याला कुठून कळणार!

त्यानंतर थोड्याच दिवसांत जॉन घरातून नाहीसा झाला, पण घरच्यांना पत्ता लागला नाही. कारण त्याच्या जागी हुबेहूब तसाच एक क्लोन ठेवला होता. घाईघाईत वाढवलेले हे क्लोन फार जगणार नाहीत, हे करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. एकेक करून ते आजारी पडले आणि गेले. आईबापांना वाटलं, आपलं मूल आजारपणात दगावलं. मला या सगळ्या कथेत सर्वांत भयानक वाटतो तो हा तपशील. नुसतं पळवलं असतं तर निदान शोध तरी झाला असता. इथे शोधायला कुणी उरणारच नाही याची आधीच तजवीज केली होती.

हे कशासाठी? 'हेलो' खेळलेल्या दहाजणांना विचारा, बहुतेक जण म्हणतील, "कोव्हेनंटशी लढायला." साफ चूक. कोव्हेनंट म्हणजे माणसांच्या जिवावर उठलेले एलियन्स, आणि असं काही अस्तित्वात आहे हे माणसांना कळलं ते २५२५ मध्ये, हार्वेस्ट ग्रहावर. मुलं उचलली २५१७ मध्ये. स्पार्टन-२ हा प्रकल्प माणसांविरुद्धच होता. दूरच्या वसाहतींमध्ये बंडाळी माजली होती, ती यादवी युद्धापर्यंत जायच्या आत मोडून काढायची, त्यासाठी हे सैनिक हवे होते. हॅल्सीनं दीडशे मुलं हेरून ठेवली होती. शेवटी पंचाहत्तर घेतली, कारण पैसा तेवढ्यांपुरताच होता. म्हणजे उरलेली पंचाहत्तर वाचली ती कुणाच्या दयेमुळे नाही, बजेटमुळे.

मग रीच ग्रहावर ट्रेनिंग. चीफ पेटी ऑफिसर मेंडेझ नावाचा कडक माणूस. सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग मला फार आवडतो, कारण पुढचा सगळा मास्टर चीफ त्यात आहे. तिघातिघांच्या टीम पाडल्यात, अडथळे पार करत जायचं आणि शेवटी घंटा वाजवायची. जॉनच्या टीममध्ये केली आणि सॅम. जॉन आपला दोघांना मागे टाकून सुसाट सुटतो, घंटा वाजवतो आणि छाती फुगवून उभा राहतो. मेंडेझ त्याला सांगतो की तुझी टीम शेवटची आलीय, तेव्हा तुम्हा तिघांना आज जेवण नाही. दुसऱ्या दिवशी तो दोघांना बरोबर घेऊन धावतो. शिकवण म्हणून चांगलीच आहे, नाही कोण म्हणतं? पण ती सहा वर्षांच्या उपाशी पोराला दिली जातेय, जे आठवड्यांपूर्वी आईच्या घरात होतं. याच पोरानं पुढे आयुष्यभर 'आपली माणसं मागे सोडायची नाहीत' हे व्रत पाळलं. आपण त्याला निष्ठा म्हणतो. मला त्यात त्या रात्रीची भूकही दिसते.

२५२५ मध्ये, साधारण चौदाव्या वर्षी, सगळ्यांच्या शरीरावर शस्त्रक्रिया झाल्या. हाडांवर सिरॅमिकचा लेप, ग्रंथींमध्ये इम्प्लांट, स्नायू, डोळे, मज्जातंतू, काहीच सोडलं नाही. पंचाहत्तरांतली तीस मुलं टेबलावरून परत आली नाहीत, बारा कायमची अपंग झाली. धड उरली तेहेतीस. त्यातून सावरत असताना जॉनला जहाजाच्या जिममध्ये मोठ्या, मुरलेल्या कमांडोंशी भिडवलं जातं. स्वतःच्या नव्या ताकदीचा अंदाज नसलेला तो मुलगा त्यातल्या दोघांना ठार करून बसतो. आपल्याच बाजूची माणसं होती ती. हा सीन एकाही गेममध्ये नाही, आणि का नाही ते उघड आहे.

त्याच वर्षी स्पार्टन्सची पहिली कामगिरी झाली. रॉबर्ट वॉट्स नावाच्या बंडखोर नेत्याला त्याच्या अड्ड्यातून उचलून आणायचं. अड्डा कुठे होता? एरिडॅनसच्या लघुग्रहांच्या पट्ट्यात. म्हणजे जॉनच्याच गावकुसात! ज्या सूर्याखाली तो जन्मला, तिथल्याच बंडखोरांवर त्याला सोडला, आणि तो गेला, काम फत्ते करून आला. लिहिणाऱ्यांनी यावर जवळपास थांबूच नये याचं मला अजूनही नवल वाटतं. ती शरणागती होती की विस्मरण, काहीतरी सांगा ना!

आणि मग कोव्हेनंट आले. इथे सगळं पारडंच फिरलं. जे पाप होतं ते एका रात्रीत दूरदृष्टी ठरलं. स्पार्टन नसते तर माणूसजात संपली असती हे खरंच आहे. पण हॅल्सीला ते माहीत नव्हतं. तिची लॉटरी लागली. कोव्हेनंट आले नसते तर जॉननं उभा जन्म शेतकरी वसाहतींवर रात्री-अपरात्री उतरून माणसंच टिपली असती, आणि आपण त्याची पोस्टर्स लावली नसती. "पण शेवटी उपयोग झालाच ना?" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. चोरीच्या पैशानं पुढे दवाखाना उभा राहिला, म्हणून चोरी करताना मनात दवाखाना होता असं होत नाही.

२५२५ मध्येच सॅम गेला. 'काय सेटी-४' नावाच्या ग्रहावर नवं मिओल्निर चिलखत मिळालं आणि लगेच कोव्हेनंटच्या जहाजावर घुसावं लागलं. सॅमच्या चिलखताला भोक पडलं, म्हणजे अंतराळातून परत यायचा रस्ता बंद. तो बॉम्ब राखत मागे थांबला, आणि जॉननं बाकीच्यांना घेऊन निघायचा निर्णय घेतला. घंटेच्या त्या शर्यतीतला भिडू.

आता गेमकडे येतो. १५ नोव्हेंबर २००१ ला पहिला 'हेलो' एक्सबॉक्ससोबत आला, तेव्हा यातलं काहीही त्यात नव्हतं. चीफ गोठवलेल्या झोपेतून उठतो, बंदूक घेतो आणि सुटतो. वर सांगितलेलं बालपण एरिक नायलंडच्या कादंबरीत आहे, जी गेमच्या दोन आठवडे आधी, ३० ऑक्टोबरला बाजारात आली. म्हणजे भूतकाळ तयार होता, फक्त तो दुसऱ्या कपाटात ठेवला होता. गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीवाल्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. हेल्मेट रिकामं ठेवलं की खेळणारा त्यात आपलं डोकं घालतो. आवाज देणारे स्टीव्ह डाऊन्स हे रेडिओवरचे निवेदक, त्यांना संवादही मोजकेच दिले. कारागिरी म्हणून याला तोड नाही. पण त्याची सोयही बघा. आत कोण आहे हेच दिसत नसेल, तर त्याचं काय केलं हे विचारणार कोण?

त्यातून कॉर्टाना, चीफच्या हेल्मेटमध्ये राहून त्याला साथ देणारी एआय. लोक या जोडीला प्रेमकहाणी म्हणतात, आणि 'हेलो ४' खेळून माझाही घसा दाटला होता, खोटं कशाला बोलू. पण कॉर्टाना बनली कशापासून? हॅल्सीच्याच क्लोन केलेल्या मेंदूपासून. ज्या बाईनं त्याला घरातून उचललं, तिच्याच मनाचा ठसा त्याच्या हेल्मेटमध्ये बसवला, आणि आयुष्यात त्याला सगळ्यांत जवळचं कुणी वाटलं असेल तर ती तीच. विणणाऱ्यांनी इतका क्रूर धागा सहज विणला की मुद्दाम, देव जाणे. तिचं आयुष्य सात वर्षांचं, 'हेलो ४' मध्ये ते उलटून गेलंय आणि ती भ्रमिष्ट व्हायला लागलीय. ती त्याच्याकडून एक वचन मागते: आपल्या दोघांत यंत्र कोण, ते तू शोधून काढशील. शेवटी लॅस्की नावाचा अधिकारी त्याला सांगतो की सैनिकसुद्धा माणसंच असतात. चीफ उत्तर देत नाही. लॅस्की गेल्यावर मात्र एकट्यानं पुटपुटतो की यंत्राबद्दल ती पण एकदा बोलली होती. मग चिलखत उतरवलं जातं, आणि लेजेंडरीवर, म्हणजे सर्वांत अवघड पातळीवर, गेम संपवलात तर क्षणभर डोळे दिसतात. बस्स, तेवढेच. मला ते पुरले.

'हेलो ५' बद्दल फार लिहीत नाही, बीपी वाढतं. कॉर्टानाला खलनायिका करून टाकलं आणि 'हेलो ४' नं कमावलेलं सगळं घालवलं. २०२२ च्या टीव्ही मालिकेत पहिल्याच भागात हेल्मेट काढलं म्हणून गहजब झाला. मला हेल्मेट काढण्याचा राग नाही. चेहरा दाखवायचाच होता तर त्याच्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं. दोन सीझनमध्ये ते जमलं नाही आणि मालिका गुंडाळली गेली.

२०२१ च्या 'हेलो इन्फिनिट' या गेममध्ये मात्र एक जागा आहे. त्याला वाचवणारा पायलट अखेर कोलमडतो आणि कबूल करतो की मी पायलट नाहीच, मी साधा कंत्राटी माणूस आहे, विमान चोरून पळालो होतो. चीफ त्याच्यावर ओरडत नाही. शेजारी जाऊन चुका सगळ्यांकडून होतात, माझ्याकडूनही झाल्या, अशा अर्थाचं बोलतो. हा आवाज कुणी शिकवलेला नाही. मेंडेझचा नाही, हॅल्सीचा नाही. हा जॉनचा. पंचवीस-तीस तास डोंगर चढून ग्रॅपलशॉट (दोरीचा आकडा) मारण्यात घालवले, पण मला गेममधलं आठवतं ते हे बोलणं.

आता पहिल्या गेमचा रीमेक जाहीर झालाय, चक्क प्लेस्टेशनवरसुद्धा येतोय, आणि त्यात मूळ कथेच्या आधीची तीन नवी मिशन्स आहेत, चीफ आणि सार्जंट जॉन्सनची. जॉन्सन मलाही आवडतो. पण आधीचं काही दाखवायचंच होतं, तर एक मिशन वॉट्सच्या लघुग्रहावर टाकायला काय हरकत होती? समोर एकही एलियन नाही, सगळी माणसं, बोलतात ती आपल्यासारखी, आणि कंट्रोलर आपल्या हातात असताना आपण चौदा वर्षांचे. खेळायला मजा आली नसती, मान्य. मल्टिप्लेअरवाले बोंबललेही असते. बोंबलू द्यायचं होतं.