नेट लागेल तिथपर्यंत

सकाळी आपल्याच मंडळींपैकी एकाची पोस्ट वाचली आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. ऑस्ट्रेलियाचं कौतुक होतं. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, आणि कंपनीनं कुचराई केली तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलं होतं, "आपल्याकडेही सरकारनं एकदा इंटरनेटचा कान धरायलाच हवा." खाली सगळे "शंभर टक्के सहमत". ज्यांच्याबरोबर मी मोर्च्यांना गेलेय, तेसुद्धा.

कान कुणाचा पिळला जातो ते आमच्या घरानं पाहिलंय.

ऑक्टोबर २०२३ ची अखेर. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं, बीड जिल्ह्यात नेट बंद. आमचं गाव पाटोदा तालुक्यात. गावात दगड सोडा, साधी घोषणासुद्धा झाली नव्हती. पुतणीच्या भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. दोन वर्षं अभ्यास केलेली पोरगी सकाळपासून मोबाइल घेऊन गच्चीवर उभी. एसटी बंद. शेवटी दादा म्हणाला, "गाडीवर बस. नेट लागेल तिथपर्यंत जाऊ."

ते जामखेडच्या रस्त्याला लागले. सौताडा मागे पडलं, जिल्हा बदलला आणि तिच्या ओढणीत गुंडाळलेला मोबाइल थरथरायला लागला. दोन दिवसांचे मेसेज एकदम. दादानं गाडी तिथेच बाजूला घेतली.

आता मला सांगा, यातून कोणती दंगल थांबली?

हो, आमदारांची घरं जाळली होती, ते मलाही भयंकर वाटलं होतं. जाळणाऱ्यांना धरा ना. अख्ख्या जिल्ह्याचा गळा कशाला आवळता?

इंटरनेटवर सरकारचा हात किती असावा, हा वाद जगभर चाललाय आणि नवा नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दुबईत संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेची मोठी परिषद झाली. जुने आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियम बदलायचे होते आणि रशिया, चीनसारख्या देशांना इंटरनेटच्या कारभारात सरकारांचा अधिकार वाढवून हवा होता. नव्या नियमांवर ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी तिथे केली नाही. त्या ५५ मध्ये भारत होता. मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी इथे पालघरमध्ये दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं! ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करू देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा एवढा गाजावाजा झाला, ते सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. तोवर किती पोरांनी धसका घेतला असेल.

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला नेट गेलं आणि फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष. तिथल्या पोरांनी फॉर्म कुठे जाऊन भरले असतील? त्यांना कुठलं सौताडा? जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश लोकांसमोर ठेवायला हवा. आमच्या गावात तो कागद कुणी पाहिला? दादानं विचारलं तेव्हा एवढंच उत्तर मिळालं, "वरून बंद आहे."

वरून म्हणजे कुठून?

आता कुणी राईनपाड्याची आठवण करून देईल. द्या. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. तो व्हिडिओ मी अर्धवटच पाहिला, पुढे पाहवला नाही. त्यामुळे कंपन्यांना मोकाट सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच महिन्यात, सरकारनं खडसावल्यावर, व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. लगाम घातला तो कंपनीला. कुणा पोरीचा फॉर्म त्यापायी अडला नाही. असे नियम करा, मी पहिली सही करते. ऑस्ट्रेलियाचा कायदाही निदान दंड कंपनीलाच करतो, पोराला आणि आईबापाला नाही. एवढं मान्य.

पण "कान धरा" म्हणताना नेपाळही आठवा. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं नोंदणी केली नाही म्हणून फेसबुक, यूट्यूबसह २६ प्लॅटफॉर्म बंद केले. कारण कागदावर नियमातलंच होतं. आधीच भ्रष्टाचारानं पेटलेली पोरं ८ तारखेला रस्त्यावर आली आणि त्या एका दिवसात १९ जीव गेले. कॉलेजच्या वयाची पोरं हो.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. सकाळच्या पोस्टवाल्या मित्राला दुखवायचं नाही. त्याची मुलगी तेरा वर्षांची आहे, रात्री दोनपर्यंत रील बघत बसते, त्याचा जीव तुटतो हे मला माहीत आहे. त्याची काळजी खरी आहे. मला फक्त त्यानं त्या बटणावर कुणाचं बोट असेल, ते बघावं असं वाटतं. बंद करणाऱ्याला जाब कोण विचारणार, ते आधी ठरवा, मग काय बंद करायचं ते बोलू.

मघाशी पुतणीला फोन केला. तुझं लिहू का विचारलं. म्हणाली, "लिही की आत्या. पण बाप्पूंच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, तेपण लिही. आणि फॉर्म भरला होता, ते लिही."

भरला होता. रस्त्याकडेला दादा गाडीवर वाकून बसला होता, ही मागे उभी. कागदावर सही करून तिनं फोटो काढला, अपलोड केला. पैसे पहिल्यांदा अडकले, दुसऱ्यांदा गेले. तेव्हा सव्वाचार वाजले होते.