बाबा, डास आणि भारद्वाज

मुलीला पाचवीत प्रकल्प मिळाला : ‘परिसरातील एका अन्नसाखळीचे निरीक्षण करा.’ साखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जेमतेम 10 टक्के ऊर्जा पोचते, हे लिंडेमन नावाच्या शास्त्रज्ञाने 1942 मध्येच सांगून ठेवलंय. त्याला शाळेचे प्रकल्प माहीत नसावेत. बाईंनी दिलेला प्रकल्प मुलीकडून तिच्या आईकडे, आईकडून बापाकडे येतो तो शंभर टक्के, वर डिंकाच्या बाटलीसकट.

पुस्तकातली साखळी गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी. आमच्या परसात साप निघाला तर त्याचं निरीक्षण मी पलीकडच्या गल्लीतून करेन. म्हणून कढीपत्ता निवडला.

गुरुवारी सकाळी स्टूल टाकून बसलो. पानावर कुठल्याशा पाखराची शी पडली होती.

‘‘बाबा, शी चालतेय!’’

ती अळी होती. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं इथंही अंडी घालून जातात. अळी लहान असते तोवर हुबेहूब विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखरं तोंड लावत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. अशाच एका थोराड अळीला मी काडीने डिवचलं. तिने डोक्यामागून लालभडक दुबेळकं शिंग बाहेर काढलं आणि असा काही उग्र वास सोडला की नंतरच्या चहालाही तोच येत राहिला.

शुक्रवारी अळ्यांनी पानं खाल्ली. शनिवारीही पानंच खाल्ली. मला डासांनी खाल्लं. मुलीने वहीत लिहिलं, ‘बाबा → डास’.

‘‘हे कशाला लिहितेस?’’

‘‘दिसलं ते लिहायचं, बाई म्हणाल्यात.’’

संध्याकाळी माझ्या आईने येऊन एक अख्खी डहाळी कडकन मोडली. आमटीला फोडणी द्यायची होती.

‘‘आई, अगं, प्रकल्प आहे तो!’’

‘‘झटकल्यात मी अळ्या. आणि तीन दिवस नुसता बसलायस झाडाखाली, तेवढ्यात आळं तरी करायचंस.’’

पाचातल्या दोन अळ्या उरल्या. साखळीत सर्वांत वर कोण, हे मला तेव्हाच कळलं. पण ते वहीत लिहायची माझी छाती नव्हती.

रविवारी कुंपणावरून सरडा आला. मान ताठ करून दोन जोर काढले, झेपावला, आणि थोराड अळी शिंगासकट गडप. मुलीने पेन्सिल खाली ठेवली. ‘‘ती पिंकी होती,’’ म्हणाली. नावं ठेवली होती हे मला ठाऊक नव्हतं. तिची समजूत कशी घालावी या विचारात मी असतानाच जास्वंदीच्या खालून भारद्वाज डुलत डुलत आला. तांबूस पंख, गुंजेसारखे डोळे, चाल एखाद्या सेवानिवृत्त मामलेदाराची. त्याने सरडा चोचीत धरला आणि धुणं आपटावं तसा फरशीवर दोनदा आपटला.

आवाज ऐकून आई बाहेर आली, तिने पदर सावरून हात जोडले. ‘‘भारद्वाज दिसला! शुभ असतो हो. आता सगळं चांगलं होणार बघ.’’

सरड्याची शेपटी अजून चोचीबाहेर वळवळत होती.

वही परत आली. बाईंचा शेरा : ‘सूर्य राहिला.’ त्याचे दोन गुण कापलेले. ‘बाबा → डास’वर मात्र लाल शाईने बरोबरची ठसठशीत खूण.