विकणारा का विकतोय, ते आधी बघा

आपल्या संभाजीनगरच्या एखाद्या कंपनीनं युरोपात कारखाना घेतला की पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात. गोऱ्यांची कंपनी आपल्या माणसानं घेतली! मला मात्र आधी एकच शंका येते. चांगलं चाललंय, तर समोरचा विकतोय कशाला?

चितेगावची व्हिडिओकॉन आठवा. २००५ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा (जुन्या जाडजूड टीव्हीतली काचेची नळी) धंदा घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन, सगळीकडचे कारखाने आले. पण दुकानांत तेव्हा सपाट टीव्ही यायला लागले होते आणि थॉमसन त्या धंद्यातून अंग काढून घेत होती. पुढं ट्यूबला कुणी विचारेना. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरी कायद्याखाली गेली. (त्याला बाकीची कर्जंही होती, सगळं खापर या एका सौद्यावर फोडत नाही.)

आपल्याच इथल्या व्हॅरॉकचं तसं नव्हतं. २०१२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या व्हिस्टिऑन कंपनीचा गाड्यांच्या दिव्यांचा धंदा ९.२ कोटी डॉलरला घेतला. माल चालणारा, गिऱ्हाईक मोठमोठ्या कार कंपन्या. पण या धंद्यात डिझाइन आणि साच्यांवर पैसा आधी ओतायचा, तो वसूल होणार गाड्या विकल्या गेल्यावर. कोविड आला, मग चिपा मिळेनात, कारचं उत्पादनच घटलं. वाळूजमध्ये ऑर्डर घटली की ठेकेदाराला फोन जातो, उद्यापासून माणसं कमी. जर्मनीत एकाला काढायचं तरी आधी कामगार परिषदेचं, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाचं, म्हणणं ऐकावं लागतं. शेवटी २०२२ मध्ये तो धंदा फ्रान्सच्याच प्लास्टिक ऑम्नियम या कंपनीकडे गेला.

इथलीच एन्ड्युरन्स मात्र इटली-जर्मनीत टिकून आहे. ॲल्युमिनियमचं डाय कास्टिंग (वितळवून साच्यात घालून भाग बनवणं) ते इथंही करत होते, तिथंही तेच करतात. माझ्या मते खरी गोम इथंच आहे.

कुणी म्हणेल, फोर्डनं विकलेली जॅग्वार लँड रोव्हर टाटांनी २००८ मध्ये घेऊन चालवून दाखवलीच की. दाखवली. पण त्याच टाटांनी आदल्या वर्षी कोरस ही पोलाद कंपनी घेतली होती आणि तिच्या ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबोटच्या झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद कराव्या लागल्या. त्यांच्या खिशाला दोन्ही झेपलं. आपल्याकडच्या घरच्या कंपन्यांना असा एक सौदा जन्माला पुरतो.

वाळूज, चिकलठाण्यातून तिकडे डेप्युटेशनवर जाऊन आलेले इथं बरेच जण आहेत. तिथला मॅनेजर स्वतः निर्णय घ्यायचा, का प्रत्येक सहीसाठी इकडच्या मालकाच्या फोनची वाट बघायचा? कंपनीचं नाव नका लिहू, पण सांगा.