नारळ कुणाच्या हातात? ‘एक मतदार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘एक मतदार’,

आपण नाव दिलं नाहीत, म्हणून सहीलाच नमस्कार. आपली प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली, आणि रात्री ओटा आवरताना तिला मनातल्या मनात तीन उत्तरं दिली. त्यातलं सगळ्यात सभ्य उत्तर इथे लिहितेय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: गोव्यात 2022 च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवासमोर घातलेली पक्ष न सोडण्याची शपथ आणि आमच्याकडे तळकोकणात ग्रामपंचायतीच्या वेळी ‘मत आम्हालाच’ अशी शपथ घालायला मतदाराच्या हातात दिला जाणारा नारळ या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यावर ‘एक मतदार’ यांचं म्हणणं असं. मी कायदा चुकीचा लावला. विलेपार्ल्याचं प्रकरण उगाच घुसडलं. एकाच धर्माला धारेवर धरलं. मतदान गुप्त असतं, त्यामुळे शपथेने मत फिरतं याला माझ्याकडे काही पुरावा नाही. आणि शेवटी: “ज्याने आयुष्यात कधी देवाला गाऱ्हाणं घातलं नाही, त्याने देवाच्या शपथेवर लिहू नये!!!”

तीन उद्गारचिन्हं माझी नाहीत. आपली आहेत. अख्ख्या प्रतिक्रियेत मिळून अकरा आहेत, मी मोजली. मुद्दा पक्का असला की आवाज चढवायची गरज पडत नाही असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. हल्ली अभ्यासक्रम बदलला असेल.

आधी कायद्याचं. इथे आपलं बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 123, म्हणजे निवडणुकीतले भ्रष्ट मार्ग सांगणारं कलम, मी ग्रामपंचायतीला लावून मोकळी झाले. तो कायदा लोकसभा-विधानसभेचा. ग्रामपंचायतीसाठी राज्याचा 1958 चा वेगळा कायदा आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. मात्र यावरून आपण ‘म्हणजे नारळ देण्यात बेकायदा काहीच नाही’ असा जो निष्कर्ष काढलात, तो घाईचा आहे. 1920 साली इंग्रज सरकारने दंड विधानात निवडणूक गुन्ह्यांचं एक प्रकरण घातलं. त्यातल्या कलम 171 सी मध्ये, मतदाराच्या मनात देवाचा कोप होईल असं भरवणं किंवा भरवू पाहणं हा मतावर गैर दबाव मानला आहे, आणि ते स्थानिक संस्थांच्या निवडणुकांनाही लागू होतं. आता दंड विधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली, तरी ही तरतूद राहिली; गंमत म्हणजे आकडासुद्धा 171 च. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या गोऱ्या अंमलदाराला जे दिसलं, ते आपल्याला दिसत नाही.

हे जरा जास्त झालं. पण पुसत नाही.

एकाच धर्माबद्दल: लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात देऊळ, क्रूस आणि दर्गा तिन्ही आहेत. आपण तिथवर पोचला नसाल.

विलेपार्ल्याचं सांगते, कारण ‘उगाच घुसडलं’ हे मला लागलं. डिसेंबर 1987 ची विलेपार्ले पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी सभांमध्ये धर्माच्या नावावर मतं मागितली, असा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवडणूक रद्द केली आणि 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. निकाल पक्का व्हायला 8 वर्षं लागली. त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती. बाळासाहेबांचा मताधिकार 6 वर्षांसाठी काढला, तो आदेशही 1999 मध्ये निघाला आणि मोजणी मागच्या तारखेपासून, म्हणजे 2001 ला शिक्षा संपलीसुद्धा. त्याच 11 डिसेंबरला त्याच न्यायालयाने मनोहर जोशींच्या प्रकरणात ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल’ हे वाक्य म्हणजे नुसती आशा, मतं मागणं नव्हे, असं म्हटलं. पुढे 2017 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा कौल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढून मत मागणंही चूक. ते प्रकरणही मुंबईचंच, 1990 च्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून निघालेलं.

हे सगळं मी का घातलं? कारण यातलं प्रत्येक वाक्य व्यासपीठावरचं आहे, माईकवरचं आहे. सभेला हजारो माणसं, पोलीस, पत्रकार. आणि तरीही ते सिद्ध करता करता 8 वर्षं गेली. मग रात्री साडेनऊला, पडवीतल्या चिमणीच्या उजेडात, एका म्हातारीच्या हातात ठेवलेला नारळ कुठल्या न्यायालयात सिद्ध होणार? आपल्या लक्षात हे आलं नाही, तर तो माझ्या लेखाचा दोष असेल. निदान अर्धा.

आता ते शेवटचं वाक्य.

“ज्याने आयुष्यात कधी देवाला गाऱ्हाणं घातलं नाही.” अहो, ‘ज्याने’? मी बाई आहे. लेखात ‘माझ्या माहेरी’ असं दोनदा लिहिलंय. पण राजकारणावर लिहिणारी व्यक्ती पुरुषच असणार, हे आपण न विचारता धरून चाललात. ही सवय जुनी आहे आणि एकट्या आपली नाही, म्हणून सोडून देते. (सोडलेलं नाही, पण पुढे जाऊ.)

खरं तर शब्दशः पाहिलं तर आपण बरोबर आहात. मी देवाला गाऱ्हाणं घातलेलं नाही. माझ्या आईनेही नाही, आजीनेही नाही. कारण आमच्या गावात रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावातर्फे देवाला विनवणी, मानकऱ्याने घालायचं असतं, आणि मानकरी पुरुष. “बा देवा म्हाराजा” त्याने म्हणायचं, “व्हय म्हाराजा” बाकीच्या पुरुषांनी म्हणायचं. आम्ही खांबाच्या मागे. माझे थोरले आजोबा मानकरी होते. त्यांचा तो खर्जातला आवाज, धुपाचा वास, आणि गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवत असताना सभामंडपात पडलेली शांतता मला आजही ठाण्याच्या लोकलमध्ये मधूनच आठवते. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. याला कौल म्हणतात. गोव्यात यालाच प्रसाद म्हणतात. आणि मतमोजणीच्या दिवशी वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ लिहितात, तो शब्द हाच. हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मतपत्रिकासुद्धा देवाच्या अंगावर चिकटवत असतील.

म्हणजे देव मला पुस्तकातून भेटलेला नाही. तुम्ही मला ‘शहरात बसून श्रद्धेची टिंगल करणारा’ म्हणालात (होय, आता ‘तुम्ही’, ‘आपण’ म्हणायचा कंटाळा आला). मी टिंगल केली असेल तर ती शपथ घालणाऱ्यांची. घेणाऱ्यांची एका शब्दाने नाही.

मी बारा वर्षांची असेन. ग्रामपंचायतीची निवडणूक, वाडीत दोन पार्ट्या. आदल्या रात्री एका पार्टीची चार माणसं आली. त्यातला एक आमचाच भावकीतला. वीस रुपयांची नोट आणि देवळातून आणलेला नारळ. “गे म्हातारे, नारळ हातात घे नि देवाक सांग.” आजीने नोटेकडे पाहिलंही नाही, ती माणसांनी चुलीजवळ ठेवली. नारळ मात्र हातात घेतला, कारण देवाचा नारळ समोर आला तर हात मागे घेता येत नाही. त्या माणसांना हे पक्कं माहीत होतं. ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. माणसं गेल्यावर एवढंच म्हणाली, “देवाक सगळा कळता, मगे ह्यांका नारळ कित्याक होयो?” (कशाला हवा?)

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला मत घातलं ते घरात कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात म्हैस मेली. मग धाकट्या काकाला ताप आला तो उतरेना. देवळात कौल लावला तर देवाकडे काहीतरी चूक पडलीय असं निघालं. तेव्हा आजी म्हणाली की हो, नारळ एका पार्टीचा घेतला आणि मत दुसऱ्याला घातलं, कारण पहिल्याने विहिरीची वाट अडवली होती. मग चूक मानवून घ्यायला एक कोंबडा आणि पाच नारळ. कोंबडा घरचा, अंडी घालणाऱ्या कोंबड्यांमध्ये तो एकच नर होता. त्या वर्षी पिल्लं झाली नाहीत.

आता तुम्ही टुणकन उडी मारून म्हणाल: बघा, मत फिरलंच नाही! शपथ घेऊनही बाईने हवं तिथेच मत घातलं, म्हणजे गुप्त मतदान जिंकलं, म्हणजे मीच बरोबर. म्हणा. आकडेवारीचा पुरावा माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. त्या मुद्द्यावर पुन्हा कधीतरी.

मला विचारायचंय ते वेगळंच. कोंबडा कुणी भरला? जो नारळ घेऊन आला त्याने नाही. त्याची म्हैसही मेली नाही, त्याच्या घरात तापही आला नाही, किंवा आला असेल तर त्याचा दोष त्या नारळाला कुणी लावला नाही. शपथ घेतली तिने, तोडली तिने, आणि हिशेबही तिनेच चुकता केला. अशा भावनेला तुम्ही अंधश्रद्धा म्हणणार असाल तर म्हणा, मी म्हणणार नाही. तिने दिलेला शब्द तिच्या लेखी खरा होता.

आणि याच्या शेजारी मी गोवा ठेवला होता. 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपची वाट धरली, म्हणून 2022 ला उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून वदवून घेतलं. निवडून आले 11. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला त्यातले 8 भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेल्याचं गणित जुळलं की पक्षांतरबंदी कायदा गप्प बसतो. देवाचं काय, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत म्हणाले की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं, आणि तुला जे योग्य वाटेल ते कर असं देवाने सांगितलं. गुरव नाही, पाकळी नाही, डावं-उजवं नाही. थेट उत्तर. आमच्या आजीला इतकी सोय कधी मिळाली नाही.

आता सांगा, या दोन प्रसंगांत श्रद्धेची टिंगल कोण करतंय? मी, की देवाला वापरून घेणारे हे लोक?

तुमच्या प्रतिक्रियेखाली सतरा जणांनी अंगठे उठवलेत, त्यातले दोन माझ्या नात्यातले आहेत हे मला दिसतंय. गणपतीला भेटतीलच.

प्रतिक्रिया काढून टाकावी असं दोघी मैत्रिणींनी सुचवलं. काढणार नाही, जशीच्या तशी राहील, अकरा उद्गारचिन्हांसकट. कलम 123 ची दुरुस्ती केलीच आहे. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नावानिशी लिहा, निदान गावाचं नाव तरी. आणि ‘ज्याने’ नाही, ‘जिने’.