पुलाखालचं बेट

डेन्मार्कमध्ये ओडेन्सहून कोपनहेगनला जाताना स्टोरबेल्टचा लांबलचक पूल लागतो. मध्येच एक बेट येतं, स्प्रोगो. वर जुनं दीपगृह, बाजूला पाण्यात पवनचक्क्या. भारतातून आलेले पाहुणे गाडीच्या काचेतून हौसेने फोटो काढतात. ‘मंदबुद्धी’, ‘चालचलन बरं नाही’ असे शिक्के मारलेल्या सुमारे ५०० बायका १९२३ ते १९६१ या काळात इथे ठेवल्या होत्या आणि बऱ्याच जणींची सुटका नसबंदीनंतरच झाली, हे मी त्यांना सांगते तेव्हा फोन खाली येतात. नसबंदीचा देशव्यापी कायदा युरोपात पहिल्यांदा डेन्मार्कने केला, १९२९ साली. अशा संस्थांत डांबलेल्यांची सरकारने माफी मागितली ती २०२३ साली.

गरोदरपणात याच पुलावरून जात होते. २००४ पासून इथे प्रत्येक गरोदर बाईला डाउन सिंड्रोमची (जन्मजात गुणसूत्रदोष, ज्यात बौद्धिक वाढ मंद असते) चाचणी देऊ केली जाते, फुकट. बहुतेक सगळ्याच ती करतात, आणि निदान पक्कं झालं की जवळजवळ सगळ्याच गर्भ काढतात. २०१९ साली अख्ख्या देशात डाउन असलेली १८ बाळं जन्मली. सक्ती कुणाचीच नाही. मीही ‘हो’ म्हटलं, धोक्याचा आकडा कमी आला, आणि येताना पेस्ट्री घेऊन आले.

सांगलीहून आत्याने विचारलं, “तिकडं मुलगा-मुलगी सांगतात म्हणे?” आपल्याकडे गर्भचाचणीचा वाद इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. ते साहजिकही आहे. १९८८ साली लिंगचाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तरी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. पण १९९४चा केंद्राचा कायदा नीट वाचा. लिंग शोधायचं नाही असं सांगणारा हाच कायदा गुणसूत्रांतले दोष, जन्मजात व्यंगं शोधायला मात्र परवानगी देतो. मुलगी नको म्हणणं गुन्हा, मतिमंद मूल नको म्हणणं वैद्यकीय सल्ला. त्याच १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून. आणि ‘सुप्रजाजनन’, म्हणजे ‘चांगली’ तेवढीच संतती जन्मावी हा विचार (युजेनिक्स), आपल्यावर कुणी बाहेरून लादला असंही नाही. आपले कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली त्याच्या पुरस्कारासाठी इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं होतं.

भारतातल्या चर्चेत एक वाक्य नेहमी येतं: सरकारने सोयी दिल्या, शाळा दिल्या, तर आईबाप असं मूल ठेवतील. मीही हे पोटतिडकीने बोलत आले. डेन्मार्कमध्ये राहून ते बोलणं अवघड झालंय. इथे भत्ता आहे, मदतनीस आहे, मोठेपणी राहायला घर आहे. तरी १८.

इथल्या मैत्रिणींना स्प्रोगोची तुलना झोंबते. तेव्हा ठरवायचं सरकार, आता ठरवते बाई, असं त्या म्हणतात. मला ते मान्य आहे. २०२५ साली गर्भपाताची मुदत १२ आठवड्यांवरून १८ वर गेली, तेव्हा मलाही बरंच वाटलं. पण प्रत्येकीने आपापलं ठरवून उत्तर एकच येत असेल, तर प्रश्न कसा विचारला जातो ते बघायला हवं. मला त्या खोलीत धोक्याचं प्रमाण सांगितलं, सुईने गर्भाभोवतीचं पाणी काढायची तपासणी सांगितली, पुढची तारीख सांगितली. डाउन असलेला माणूस चाळिशीत दिवसभर काय करतो, हे कुणी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं. माझा मामेभाऊ इस्लामपुरात मामाच्या दुकानात बसतो, साखरेच्या पुड्या बांधतो, उधारीवाल्याला सगळ्यांदेखत हटकतो.

मामीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला तेव्हा कळलं नाही तेच बरं झालं बघ. पण तू तपासून घेतलंस ना? मग झालं.”