व्यसनमुक्तीला नेलं की पोलीस उचलतात म्हणे!

रविवारी रात्री साडेदहाला पलूसच्या आत्याचा फोन. "उद्या आम्ही येत न्हाई रं." माझ्या आतेभावाला सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. वय २२, दोन वर्षं गांजा. महिनाभर मिनतवाऱ्या केल्यावर कुठं तयार झाला होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, "बचत गटाच्या ग्रुपवर आलंय. तिथं नाव लिवलं की पोलिसांस्नी जातंय. जेलात घालत्यात."

मग मेसेज मला पाठवला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी पट्टी, खाली लाल दिव्यांची माळ, 'नवीन कायदा लागू! प्रत्येक आईवडिलांनी वाचाच' आणि शेवटी 'एक ज्येष्ठ विधिज्ञ'. नाव नाही. मी सांगलीत विजयनगरच्या कोर्टात वकिली करतो, ज्येष्ठ नाही, पण कायद्याचं पुस्तक उघडून वाचायची सवय अजून गेलेली नाही.

'नवीन कायदा' म्हणजे कुठला? अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, केंद्राचा आहे. २००१ आणि २०१४ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. एवढं सोडू.

'साधी पुडी सापडली तरी थेट १० वर्षं, जामीन नाही.' चूक. २००१ पासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर ते 'अल्प प्रमाण': १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर 'व्यावसायिक प्रमाण', तिथं किमान १० आणि कमाल २० वर्षं. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. आत्याच्या घरच्या सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो, म्हणजे किमान १० वर्षांची शिक्षा लागायला सिलिंडरातल्या गॅसपेक्षाही जास्त वजनाचा गांजा लागतो. पोराच्या खिशात सापडली ती आगपेटीएवढी पुडी आणि गांजा गुंडाळून ओढायचा गोगो पेपर.

जामिनाचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. पोलीस ठाण्यातून परस्पर सुटका होत नाही, कोर्टात अर्ज करावा लागतो, इतकाच त्याचा अर्थ. ज्या निकालात हे लिहिलं त्याच निकालात अभिनेत्री रिया चक्रवर्तीला जामीन मिळाला. कलम ३७ च्या जाचक अटी मुख्यतः व्यावसायिक प्रमाणाला लागतात.

आता ज्या ओळीनं आत्याची पावलं अडली ती. 'व्यसनमुक्ती केंद्रात नोंद झाली की ती पोलिसांकडे जाते आणि पोरावर सेवनाचा गुन्हा दाखल होतो.' हे कुणी लिहिलं त्याला समोर बसवून कलम ६४-ए मोठ्यानं वाचायला लावलं पाहिजे. त्यात नेमकं उलटं आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर आहे, अशा व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेत उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे पकडल्यानंतरही कायदा ही वाट मोकळी ठेवतो. आणि इथं ज्या पोराला अजून कुणी हातही लावलेला नाही, त्यालाच दवाखान्याची भीती घालायची!

पुढं कलम ३९ बघा. खटला चालला, दोषी ठरला, तरी अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात कोर्ट व्यसनी आरोपीला शिक्षा न देता त्याच्या संमतीनं उपचाराला पाठवू शकतं. बंधपत्र द्यायचं, वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टात द्यायचा.

राहिली नोंद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन मानसिक आजारांत धरलंय आणि कलम २३ नं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय. कोर्टाचा आदेश वगैरे अपवाद आहेत, पण रोज संध्याकाळी केसपेपर पोलीस ठाण्यात पोचवण्याची सोय त्यात नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' तीसहून जास्त वर्षं चालू आहे. पेशंटला उचलायला दारात गाडी उभी राहत असती तर ते तीस दिवस तरी चाललं असतं का?

अटी आहेत, त्या लपवत नाही. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. आणि गल्लीतल्या कुठल्याही पाटीमागं पोराला कोंडून घातलं तर ते ६४-ए मध्ये बसत नाही. आधी नोंदणी आणि मान्यता विचारायची. सिव्हिलचा मनोविकार विभाग सरकारी आहे, तिथं हा प्रश्नच येत नाही. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६, पैसे लागत नाहीत.

मेसेजच्या शेपटाला खरा धंदा आहे: 'त्यापेक्षा ही पावडर पोराला न सांगता भाजीत मिसळा, ४० दिवसांत व्यसन बंद.' गांजाचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त असं एकही औषध आज नाही, मग पुडक्यात काय भरलंय? दारू सोडवण्याच्या नावाखाली चोरून देतात त्यात डायसल्फिरम असू शकतं. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. जेलच्या भीतीनं पोराला भाजीतून हे घालायचं?

'भांग चालते म्हणजे गांजा चालतो', 'घरापुरती दोन झाडं चालतात': दोन्ही खोटं. झाडं किती, याला माफी नाही, लागवडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उसात लावणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

भीती मात्र अगदीच हवेतली नाही. २०२४ मध्ये फेब्रुवारीत कुपवाडला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेच्या पावडरीचा साठा सापडला, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला कारखानाच. एमडीचं वजन गांजासारखं धरू नका: अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यावसायिक ५० ग्रॅम. त्यात भेसळ असली तरी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वजन भेसळीसकट धरतात. आपलं पोर गांजावरून तिकडं वळायच्या आत डॉक्टर गाठायचा असतो तो यासाठीच.

हे सगळं फोनवर तासभर सांगितल्यावर आत्या म्हणाली, "बरं, सोमवार गेला, बुधवारी येतो. आणि ती पुडी पिठाच्या डब्यात ठेवलीया, डॉक्टरला दाखवाय." मी कपाळावर हात मारला. अख्ख्या घरात आज कायदा मोडत असलेलं माणूस कोण असेल तर ती आत्याच. डॉक्टर लघवी तपासतात गं, पुडी मागत नाहीत.